पन्नास लाख कोंबड्या

"पन्नास लाख कोंबड्या गेल्या कुठे, हे मला शुक्रवारपर्यंत कळलं पाहिजे!" असं म्हणून आमच्या कचेरीचे प्रमुख मुन्साका साहेबांनी टेबलावर पेन आपटलं, आणि खोलीतल्या सगळ्यांनी मुतिंताकडे पाहिलं.

मीही पाहिलं. खोटं कशाला बोलू, जरा समाधानानंच पाहिलं. कारण बाईंचा आकडा फुगलेला आहे, हे मी तीन आठवडे घसा कोरडा करून सांगत होतो.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. मी पुरुषोत्तम केळशीकर. नागपूरला सांख्यिकी खात्यात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालो, आणि घरात बसून नलूच्या स्वयंपाकात नाक खुपसायला लागलो. तिनंच वैतागून मला एका जाहिरातीचा कागद दाखवला. तो अर्ज भरला आणि आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या एका देशात सल्लागार म्हणून जाऊन आलो. एकदा महिनाभर, आणि मग वर्षभरानं पुन्हा तीन महिने. देशाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून फोन करतात, आणि माझ्यावर हसून त्यांचं आधीच पुष्कळ झालंय.

काम होतं आवक-वापराचा तक्ता जुळवण्याचं. नाव भारी आहे, पण प्रकार घरगुती. देशात वर्षभरात एखादी वस्तू आली किती, ते एका बाजूला लिहायचं. पिकली, बनली, बाहेरून आणली, सगळं. ती गेली कुठे, ते दुसऱ्या बाजूला. खाल्ली, कारखान्यात लागली, साठवली, बाहेरदेशी पाठवली. दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. घरात दोन डझन अंडी आली आणि खाल्लेली एक डझनच आठवतात, तर उरलेली फ्रीजमध्ये तरी सापडायला हवीत. नाहीतर घरातलं कुणीतरी काहीतरी विसरतंय. देशाचंही तसंच, फक्त फ्रीज मोठा.

साखर जुळली होती. सिमेंट जुळलं होतं. मका जुळला त्या दिवशी तर आम्ही ऑफिसात केक कापला होता. नव्वद वस्तूंपैकी एकोणनव्वद रांगेत बसल्या आणि कोंबडी अडली.

आवकेचा आकडा मुतिंता हामूंगाचा. चाळिशीची, उंच, कमी बोलणारी बाई. बारा बायकांची तुकडी घेऊन ती चार वर्षं गावोगाव फिरून गुरं-कोंबड्या मोजत होती. हा विभाग तिनं स्वतः उभा केलेला. तिच्या मोजणीप्रमाणे वर्षाला एक कोटी वीस लाख कोंबड्या लोकांच्या कामी येत होत्या. आणि वापराचा आकडा निघत होता घरांघरांतून भरून घेतलेल्या वह्यांतून. प्रत्येक घरानं दोन आठवडे रोज लिहायचं, काय खाल्लं आणि ते आलं कुठून. त्या वह्यांतून निघाल्या सत्तर लाख.

"उरलेल्या साठ्यात दाखवा," हिशेब विभागाचे उपप्रमुख चिलाला म्हणाले.

"पन्नास लाख कोंबड्या साठ्यात?" साहेब कडाडले. "ठेवल्यात कुठे? माझ्या केबिनमध्ये?"

हशा पिकला. मुतिंता हसली नाही.

मी घसा खाकरला. "साहेब, माझं मत मी लेखी दिलंय. गावातल्या बायका मोठेपणासाठी वाढवून सांगतात. सगळीकडे सांगतात. हा आकडा त्या प्रमाणात खाली आणावा."

"आम्ही विचारत नाही, मिस्टर केळशीकर," मुतिंता म्हणाली. "खुराड्यात शिरून मोजतो."

साहेबांनी हात वर केला. "शुक्रवार. तोवर काही निघालं नाही तर सल्लागार म्हणतात तसा आकडा कापायचा. आणि मोजणीच्या कामातच दम नसेल तर तो विभाग चालवण्यात अर्थ नाही. मुतिंता, तुम्हाला ग्रंथालयात जागा देऊ. बाकीच्यांचं बघू."

बाकीच्यांचं बघू म्हणजे बारा बायका घरी, हे सगळ्यांना कळलं. मलाही कळलं. पण आकडा म्हणजे आकडा, असं मी मनाला बजावलं. त्या वयात माझा स्वतःवर फार विश्वास होता.

बाहेर व्हरांड्यात तिनं मला गाठलं.

"तुम्ही इथली एक तरी कोंबडी जवळून पाहिलीय का?"

"मी शाकाहारी आहे."

"पाहायला खावं लागत नाही. उद्या पहाटे पाचला जीप आहे. दोन दिवसांचे कपडे घ्या."

मी म्हटलं, चला. तिचा आकडा चुकीचा आहे, हे तिच्याच डोळ्यांदेखत दाखवून देऊ, म्हणजे वादच मिटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चिबोंबा नावाच्या गावात उतरलो. मी, मुतिंता आणि ड्रायव्हर चूल्वे. चूल्वे गोल चेहऱ्याचा, सतत गुणगुणणारा गृहस्थ, चार पोरींचा बाप. पहिलं घर न्चिमुन्या नावाच्या म्हातारीचं. मोजणीच्या कागदावर तिच्या नावापुढे चौदा कोंबड्या होत्या. मुतिंतानं खुराड्याकडे बोट दाखवलं.

"जा. मोजा."

"मी?"

"मी मोजलं तर तुम्ही म्हणाल बाई वाढवून सांगते."

काय करणार? साठीला आलेला माणूस, इस्त्रीची पँट, आणि गुडघ्यावर रांगत खुराड्यात. आत जो काही कलकलाट झाला तो मी जन्मात विसरणार नाही. चौदा! पुन्हा मोजल्या. तरी चौदा! बाहेर आलो तर डोक्यावर पिसं, आणि म्हातारी पोट धरून हसतेय.

दिवसभरात पाच घरं झाली. चार ठिकाणी आकडा तंतोतंत आणि एका ठिकाणी मुतिंताच्या बाईनं दोन कमीच धरलेल्या. माझा चेहरा पडत चालला होता. मुतिंता फक्त पुढच्या घराकडे बोट दाखवत होती, हे त्याहून वाईट.

पण दुसरीच एक गोष्ट मला छळत होती. न्चिमुन्या आजींचा निरोप घेतला, तेव्हा त्यांनी पाय बांधलेली एक कोंबडी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"नाही नाही, आजी," मी हात जोडले. "मी खात नाही."

चूल्वेनं भाषांतर केलं. म्हातारीचा चेहरा इतका उतरला, की मी घाबरलोच. घरातलं कुणी गेल्याची बातमी दिल्यासारखी ती मागे सरकली.

"घ्या!" मुतिंता दबक्या आवाजात माझ्यावर खेकसली.

"अहो, पण मी खातच नाही!"

"तुम्हाला खायला कोण सांगतंय? घ्यायला सांगतेय. घरी आलेला माणूस रिकाम्या हातानं गेला तर शेजारी काय म्हणतील तिला?"

मी घेतली. म्हातारी पुन्हा फुलली. मग दुसऱ्या घरी दुसरी. तिसऱ्या घरी बाईंनी कोंबडा दिला आणि वर उशीर झाल्याबद्दल माफी मागितली. आणखी चार घरं करून बुधवारी दुपारी परत निघालो तेव्हा जीपमध्ये नऊ नग होते. आठ मागे, आणि जागा नाही म्हणून एक माझ्या मांडीवर. तिनं माझ्या पँटचं काय केलं ते सांगत नाही.

"हे दर वेळी असंच होतं?" मी विचारलं.

"मग?" चूल्वे हसला. "मास्तर गेला, नर्स गेली, पाद्री गेला, शहरातला भाचा सुट्टीला गेला, पशुवैद्य गेला. कोण रिकामा येतो? आमच्या घरी महिन्यातून चार-पाच तरी येतात. माझी बायको म्हणते, नवरा ड्रायव्हर असावा तर गावोगाव फिरणाऱ्या सरकारी खात्याचा."

एवढं ऐकलं आणि मला एकदम माझं लहानपण आठवलं. वानवळा! आमच्या गावी झाडाला पहिले फणस लागले, की आई चार घरी गरे पाठवायची. शेजारचं भांडं आमच्याकडे आलं तर रिकामं परत गेलेलं मी कधी पाहिलं नाही. इथं गऱ्यांच्या जागी कोंबड्या होत्या, एवढाच फरक. मला फार गंमत वाटली आणि मी मुतिंताला वानवळा म्हणजे काय ते रंगवून सांगायला लागलो. ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली.

आणि त्या गप्पांच्या भरात मी चूल्वेला सहज विचारलं, "तुमच्या घरी ती खाण्यापिण्याची वही भरून घेतली होती का हो?"

"हो तर! गेल्या वर्षी. दोन आठवडे बायकोनं रोज लिहिलं."

"मग या वानवळ्याच्या कोंबड्या कुठे लिहिल्या?"

"नाही लिहिल्या."

"का?"

"बायकोनं विचारलं होतं त्या वहीवाल्या मुलीला. ही कोंबडी आम्ही विकतही आणली नाही आणि पाळलेलीही नाही. हिचं काय करू? ती म्हणाली, दोनच रकाने आहेत, विकत आणि घरचं. तिसरा नाही. सोडून द्या. मग दिली सोडून." तो स्वतःशीच हसला. "लिहायची सोडली. खायची नाही."

मुतिंतानं सावकाश माझ्याकडे मान वळवली.

"गावात वाढल्या, गावाबाहेर खाल्ल्या, आणि मधल्या वाटेवर कुणी लिहिल्याच नाहीत," ती म्हणाली. "पण वहीत तिसरा रकाना का नाही? कुणी केली ही वही?"

"बघू या," मी म्हटलं. "ऑफिसात गेल्यावर बघू."

मी असं म्हटलं खरं, पण ते मांडीवरच्या कोंबडीकडे बघत म्हटलं. कारण वर्षापूर्वीच्या त्या महिनाभराच्या खेपेत मला दिलेलं काम कोणतं होतं, ते मला लख्ख आठवत होतं. वहीचा नमुना तपासून देण्याचं. नमुना दोन पानांचा होता. मी तो एका पानावर आणला होता, आणि तेव्हाच्या साहेबांनी त्याबद्दल माझी पाठ थोपटली होती. जागा कुठून काढली, ते आता मला कळून चुकलं. नागपुरात बत्तीस वर्षं मी ज्या फॉर्मांवर काम केलं, त्यांत भेट मिळालेल्या वस्तूंचा रकाना होता, आणि तो नेहमी जवळजवळ रिकामाच यायचा. त्याला कात्री लावायला मला अर्धं मिनिटही लागलं नसेल. वानवळ्यावर वाढलेला माणूस मी! मला माझीच लाज वाटली.

गुरुवारी सकाळपासून मी आणि मुतिंता फोनला चिकटलो. वही भरलेल्या चाळीस घरांना गाठलं. एकच प्रश्न. त्या दोन आठवड्यांत भेट म्हणून आलेली कोंबडी खाल्ली होती का? एकतीस घरं हो म्हणाली. एका बाईंनी तर तीन कोंबड्यांची, देणाऱ्यांच्या नावासकट, आठवण सांगितली. मग मी गणित मांडलं. सगळं नाही, पण दरी बहुतेक भरून येत होती. मुतिंताचा आकडा बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

दुपारी ती उठून कुठेतरी गेली आणि तासाभरानं धुळीनं माखलेल्या हातांनी परत आली. कुठे गेली होती ते बोलली नाही. मीही विचारलं नाही. मला सांगायचं होतं. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा चहा मागवला. असला भेकडपणा मी त्याआधी कधी केला नव्हता.

शुक्रवारी खोली गच्च भरली होती. मुतिंताच्या बारा बायका भिंतीशी उभ्या होत्या, चर्चला जावं तशा नीटनेटक्या कपड्यांत. मी सगळं समजावून सांगितलं. खुराडी, नऊ कोंबड्या, चूल्वेची बायको, चाळीस फोन. साहेब आधी भुवया चढवून ऐकत होते, मग पुढे झुकले, आणि शेवटी खो खो हसायला लागले.

"आमच्याही घरी होती ती वही! माझ्या बायकोनं दोन आठवड्यांत एक कोंबडी लिहिली. आणि फ्रीज तर गच्च भरलेला!" त्यांनी डोळे पुसले. मग हसू ओसरलं आणि कपाळावर आठी आली. "पण मग हा रकाना काढला कुणी? देशभर पाठवलेली वही ही. वर्ष फुकट जात होतं!"

चिलालांनी कागद चाळले. "छपाईची पावती मुतिंताच्या विभागाची आहे, साहेब. त्या वेळी छपाई त्यांच्याकडेच होती."

"म्हणजे शेवटी चूक तुमच्याच घरातून निघाली तर!" साहेब मुतिंताकडे वळले. "मोजणी चांगली केलीत, मान्य. पण छपाईत रकाना गाळणाऱ्या विभागावर मी पुढच्या वर्षी भरवसा कसा ठेवू?"

भिंतीशी उभ्या असलेल्या एका बाईनं शेजारणीचा हात धरला. मुतिंतानं पिशवीवर हात ठेवला होता आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती. रागानं नव्हे. वाट बघत असल्यासारखी.

मी गप्प बसलो असतो तर? वर्षापूर्वीचा कागद कोण शोधायला जाणार होतं? शेजारच्या देशात हेच काम निघणार होतं, आणि साहेब तिथे पाठवणार त्या शिफारसपत्रात माझं नाव जवळजवळ पक्कं होतं. हे सगळं त्या दोन क्षणांत माझ्या डोक्यात येऊन गेलं. मनात आलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

"साहेब," मी उभा राहिलो. खुर्चीचा केवढा तरी आवाज झाला. "तो रकाना मी काढला. पान एक व्हावं म्हणून. छपाईवाल्यांनी मी दिलं तेच छापलं. मुतिंताबाईंचा यात काही दोष नाही. आणि त्यांचा आकडा फुगलेला आहे, असं जे मी लेखी दिलं, तेही मी परत घेतो. चूक माझी आहे. सगळी."

साहेब माझ्याकडे बघत राहिले.

मग मुतिंतानं पिशवी उघडली. आतून एक पिवळट कागद काढून तिनं तो साहेबांपुढे ठेवला. वहीचा मूळ नमुना! तिसऱ्या रकान्यावर लाल पेनानं मोठी फुली, आणि समासात, स्वतःशी टिपणं करायच्या माझ्या जुन्या सवयीप्रमाणे, मराठीत दोन शब्द.

"काल छपाईच्या कपाटात सापडला," ती म्हणाली. "अक्षरं मला वाचता येत नाहीत. पण या इमारतीत अशी अक्षरं एकच माणूस काढतो."

"काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

माझे कान तापले. "फालतू. उडवा."

"म्हणजे?"

मी इंग्रजीत अर्थ सांगितला, एक अक्षर मऊ न करता. आणि भिंतीशी उभ्या असलेल्या बाराच्या बारा बायका एकदम हसल्या. साहेबांनी पुन्हा डोळे पुसले. म्हणाले, "विभाग राहतोय. आणि पुढच्या वर्षीची वही मुतिंता करतील. दोन पानांची झाली तरी चालेल." शेजारच्या देशाला त्यांनी पत्र लिहिलं ते मुतिंताचं नाव सुचवणारं. ते पत्र मीच टाइप केलं, आणि आवडीनं केलं.

बैठक सुटल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं.

"कागद कालपासून तुमच्याजवळ होता?"

"हो."

"मग आल्या आल्या का नाही दाखवलात? तुमचा विभाग बुडत होता!"

"तुम्ही पाहुणे. पाहुण्याला चारचौघांत खाली बघायला लावत नाहीत आमच्यात. आधी त्याला स्वतः बोलू द्यायचं."

मी तरी विचारलंच. "आणि मी बोललो नसतो तर?"

"तर बैठक संपायच्या आत टेबलावर ठेवला असता," मुतिंता म्हणाली. "बारा बायकांची नोकरी होती, मिस्टर केळशीकर. तुम्ही पाहुणे खरे, पण इतकेही नाही."